भिंतीवरचं मीठ

मे महिन्याच्या सुट्टीत तुम्ही दोघं इथे लंडनला, हॅरोला आला होतात, तेव्हा एका संध्याकाळी मी तुमच्यावर रागावले होते. मागच्या बागेतल्या भिंतीवर आजी रोज मिठाची वाटी ठेवते आणि सकाळी ती रिकामी असते, हे तुम्ही हेरलं होतंत. थोरल्याने आपला फोन स्वयंपाकघराच्या खिडकीत, पुदिन्याच्या कुंडीला टेकवून उभा केला होता. मीठ कोण नेतं याचा व्हिडिओ काढायचा होता. मी फोन उचलला आणि चमच्यांच्या खणात टाकला.

धाकटी म्हणाली, "आजी, कोल्हा असेल तर?"

"असू दे."

"मग बघायला काय हरकत आहे?" थोरल्याने विचारलं. मी तुम्हाला पानं घ्यायला सांगितलं. ते काही उत्तर नव्हतं.

आजी उगीच चिडली, असं तुम्ही पुण्याला जाऊन सांगितलंत. तुमचे बाबा फोनवर हसत होते. उगीच नव्हतं, म्हणून आता लिहिते. क्रमाने लिहिते, कारण कौन्सिलच्या लायब्ररीत इतकी वर्षं पुस्तकं जागच्या जागी लावण्यात गेल्यावर मला दुसऱ्या तऱ्हेने काही सांगता येत नाही.

तुमचे आजोबा गेले तो हिवाळा होता. चार वाजता अंधार पडायचा. घरातले आवाज बदलले होते. आजोबांना जिन्याच्या खालच्या पायरीवर पाय जोरात टाकायची सवय होती. ती पायरी आता कोणी नसताना वाजायची. जुनं लाकूड थंडीत आखडतं हे मला ठाऊक आहे. तरी दर वेळी मी वर बघायचे. चहा करताना दोन कप काढले जायचे, आणि दुसरा परत ठेवताना मी तो कोरडा असूनही पुसायचे.

त्या दिवसांत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. या घरात त्यांचं नाव आता कोणीच घेत नव्हतं. तुमचे बाबा 'बाबा' म्हणायचे. वेम्बलीला राहणारी आजोबांची बहीण, म्हणजे तुमची आत्याआजी, 'दादा' म्हणायची. आणि मी तर जन्मभर 'अहो'च म्हणत आले. आमच्या पिढीत बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं म्हणत. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण जीभ वळत नसे. लग्नात उखाण्यात घ्यावं लागलं तेवढंच. मृत्यूची नोंद करायला गेले तेव्हा तिथल्या बाईंनी नाव विचारलं, तर मी आजोबांचा पासपोर्ट पुढे सरकवला. आता कमी व्हायला आयुष्यच उरलं नव्हतं, तरीही.

त्याच हिवाळ्यात मला शेजारचा आवाज ऐकू यायला लागला.

आपल्या घराच्या डाव्या बाजूला तेव्हा एक गृहस्थ राहायचे. मूळचे गांबियाचे, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्या एका नदीकाठच्या छोट्या देशातले. मेट्रोपॉलिटन लाइनवरच्या एका स्टेशनात त्यांनी नोकरी केली होती. गाडी उशिरा असली की माइकवरून तेच सांगायचे, आणि लोक म्हणायचे की त्यांच्या तोंडून उशीरसुद्धा ऐकावासा वाटतो. आता निवृत्त होते. बायको आदल्या वर्षी गेली होती. इतक्या वर्षांत आमचं बोलणं हवा आणि कचऱ्याचे डबे यांच्यापलीकडे गेलं नव्हतं.

रोज संध्याकाळी ते बागेतल्या शेडमध्ये जाऊन बसत, आणि तिथून एकसारखा, खालच्या पट्टीतला आवाज येई. आधी मला वाटलं रेडिओ असेल. मग वाटलं आत आणखी कोणी आहे. एक शब्द, थोडं थांबणं. एक शब्द, थोडं थांबणं. शाळेत हजेरी घेतात तसं. पण 'हजर' म्हणणारं कोणी ऐकू येत नव्हतं, आणि तरी ते उत्तरासाठी थांबल्यासारखे थांबत. सगळ्यात शेवटी एका शब्दाएवढी जागा ते मोकळी सोडत. मग शेडचं दार लागे.

मी सिंकपाशी उभी राहून ऐकायचे. भाषा कळत नव्हती. पण ती शेवटची मोकळी जागा आली की माझ्या अंगावर काटा यायचा, जणू त्या जागेत कोणी येऊन उभं राहायचं राहिलं आहे.

एकदा दिवेलागणीला मी देवापाशी दिवा लावून दोरीवरचे कपडे काढायला बाहेर गेले, तर ते भिंतीपाशी आले. "सिस्टर, मासे शिजतायत आणि घरात मीठ नाही."

आता बघा, आपल्याकडे दिवे लागल्यावर मीठ देत नाहीत. आणि केव्हाही दिलं तरी हातात देत नाहीत, भांडण होतं म्हणतात. खाली ठेवायचं आणि दुसऱ्याने उचलून घ्यायचं. पहिला नियम मी मोडला, कारण मासे शिजत होते. दुसरा मोडता आला नाही. मी वाटी आणली, भिंतीवर ठेवली, आणि मागे सरून चिमटे गोळा करायला लागले.

ते वाटी उचलेनात. थोड्या वेळाने मी वळून बघितलं, तर ते लांब शेडच्या दाराशी जाऊन उभे होते आणि वाटीकडे बघत होते. चेहऱ्यावर असं काही होतं, की मी कपडे तसेच टाकून आत गेले. नंतर खिडकीतून बघितलं तर वाटी नव्हती. सकाळी ती भिंतीवर पालथी घातलेली होती, घासून लख्ख केलेली, आणि खाली भाजलेले शेंगदाणे होते. खारींनी नेऊ नयेत म्हणून पालथी.

दाणे आले, म्हणून मी थालीपीठ ठेवलं. त्याच्या बदल्यात दाण्याचा दाट रस्सा आला. मी चिवडा ठेवला, तर वाळवलेल्या लाल फुलांची पुडी आली, ज्यांचं सरबत करतात. एक ठेवायला आला की दुसरा बाहेर येत नसे. हे आम्ही ठरवलं नव्हतं. पण माझ्या प्रत्येक डब्याबरोबर चिमूटभर मिठाची वाटी असे, आणि ती घेतली गेली की समजावं, पोचलं आणि आवडलं.

उन्हं जरा वाढल्यावर ते एकदा भिंतीपाशी उभे राहिले आणि विचारलं, "हे तुम्हाला कोणी शिकवलं? मीठ ठेवायचं आणि मागे सरायचं?"

"माझ्या आजीने. भांडण होऊ नये म्हणून."

"तुमची आजी आफ्रिकेत होती का?"

"सांगलीच्या पुढे कधी गेली नाही."

ते पोटभर हसले. मग त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. तुमच्या पुस्तकांत ती नसेल, म्हणून नीट सांगते.

सहाराच्या दक्षिणेला हजारेक वर्षांपूर्वी घाना नावाचं मोठं राज्य होतं. आजचा घाना देश त्यापासून बराच लांब आहे, फक्त नाव त्याचं घेतलं. त्याच्यानंतर माली, मालीनंतर सोंघाई. ही राज्यं उभी राहिली दोन गोष्टींवर: दक्षिणेकडे सोनं होतं आणि मीठ नव्हतं, उत्तरेकडे वाळवंटात मीठ होतं, इतकं की एका गावात घरं आणि मशीदसुद्धा मिठाच्या लाद्यांची बांधत आणि वर उंटाचं कातडं घालत. उंटांचे तांडे त्या लाद्या घेऊन यायचे. व्यापारी नदीकाठी मिठाचे ढीग मांडायचे, ढोल वाजवायचे, आणि दिसेनासे होईपर्यंत मागे जायचे. मग पलीकडून सोनेवाले यायचे. प्रत्येक ढिगाशेजारी सोन्याचे कण ठेवायचे आणि तेही निघून जायचे. व्यापाऱ्यांनी परत येऊन बघायचं. पटलं तर सोनं उचलायचं. नाही पटलं तर कशाला हात न लावता पुन्हा मागे सरायचं. पलीकडच्यांनी येऊन भर घालायची. कोणी कोणाला बघायचं नाही. कोणी कोणाशी बोलायचं नाही. आणि कोणी फसवायचंही नाही.

"मालीचा एक राजा मक्केला जाताना वाटेत सोनं वाटत गेला, त्याची गोष्ट सगळे विचारतात," ते म्हणाले. "मिठाची कोणी विचारत नाही."

"मग हा व्यापार बंद कसा पडला?"

"एका राजाला वाटलं, ही माणसं दिसतात कशी ते बघावं. त्याने माणसं दबा धरून बसवली आणि पलीकडच्या एकाला पकडून आणलं. त्या माणसाने तोंड उघडलं नाही. बोलायला नाही आणि खायलाही नाही. तसाच मेला. मग नदीवर मीठ नुसतं पडून राहायला लागलं. वर्षानुवर्षं कोणी येईना."

"आणि मग?"

"मग मीठ लागलंच की. मिठाशिवाय किती दिवस काढणार? आले परत." त्यांनी वाटी उचलली. "पण इकडच्यांनी मधल्या काळात मीठ मांडायचं सोडलं असतं तर?"

ऐकलेलं पडताळून बघायची मला खोड. मी लायब्ररीतून पुस्तकं आणली. जुन्या अरब प्रवाशांनी ही हकिकत लिहून ठेवली आहे खरी, पण काही विद्वानांचं म्हणणं, ही एकमेकांकडून ऐकून पुढे सांगितलेली दंतकथा असावी. मी हे त्यांना सांगितलं. "हो का," ते म्हणाले, "मग तुम्ही आणि मी इतके महिने काय करतोय?"

शेडमधल्या आवाजाबद्दल मी विचारलं नव्हतं. त्यांनीच सांगितलं. ते जेलींच्या घराण्यातले. मालीच्या राजांपासून त्यांच्याकडे हे काम: घराण्यांची नावं, कोण कोणाचा मुलगा, कोण कुठून कुठे गेला, कोणी दिलेला शब्द पाळला आणि कोणी मोडला, हे सगळं तोंडपाठ ठेवायचं आणि वेळ आली की भर सभेत म्हणायचं. माझ्या माहेरी सुगी झाली की बैलावर बसून हेळवी यायचा आणि अंगणात आमच्या खापरपणजोबांच्याही मागची नावं घडाघड म्हणायचा. मी ते सांगितल्यावर त्यांनी मला दोनदा म्हणायला लावलं: हेळवी, हेळवी. मग म्हणाले, "आमच्यात असं आहे, की नाव तोंडातून कानात जातं. मधे काही चालत नाही. आणि म्हणणारा आपलं स्वतःचं नाव म्हणत नाही. ते त्याच्यानंतरच्याने म्हणायचं."

तेव्हा मला कळलं, शेवटची जागा कोणासाठी मोकळी होती.

"तुमच्यानंतर कोण म्हणणार?" मी विचारलं.

त्यांनी भिंतीवरची धूळ हाताने पुसली. पुतण्याला शिकवायला घेतलं होतं, पण तो आता इटलीत ट्रक चालवतो आणि फोन उचलत नाही. फुप्फुसं खराब झाली आहेत, डॉक्टर फार लांबचं बोलत नाहीत. "एक मुलगी आहे," ते म्हणाले, "पण ती इथली."

मुलगी मी पाहिलेली होती. ब्रॅकनेलला एका सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, शनिवारी गाडी घेऊन यायची, वडिलांच्या गोळ्यांच्या खणाखणांच्या डब्या भरायची, फ्रीज भरायची आणि अंधार पडल्यावर जायची. वडिलांची भाषा तिला स्वयंपाकघरापुरती येत होती; तुमचे इथे वाढलेले चुलतभाऊ 'आजी, पोळी दे' एवढं बोलतात, तशी. पण तिला ती नावं हवी होती. वडील गेले की आपल्यामागे सातआठशे वर्षांचा नुसता अंधार राहील, असं ती मला एकदा गाडीत सामान ठेवताना म्हणाली. तिने मागितलीही होती. "डॅड, तुम्ही बोला, मी रेकॉर्ड करते." ते नाही म्हणाले. तिने पुन्हा विचारलं. ते पुन्हा नाही म्हणाले.

मग तिने जे केलं, ते तिच्या जागी कोणीही केलं असतं असं मला वाटतं. माणूस खोकतोय, दिवस चाललेत, आणि तो रोज संध्याकाळी रिकाम्या शेडला सगळं म्हणून दाखवतोय. तिने शेडमधल्या दाण्यांच्या पोत्यामागे आगपेटीएवढा रेकॉर्डर लपवला.

तो त्यांना सापडला. मोठ्याने भांडण झालं नाही. भिंतीपलीकडून मी त्यांचं एकच वाक्य ऐकलं, इंग्रजीत, स्टेशनवरच्या त्या सावकाश आवाजात: "तू मला पकडलंस." त्या रेकॉर्डरमध्ये नुसतं खरखरणारं कुजबुजणं आलं होतं, एकही नाव कळण्यासारखं नव्हतं, असं तिने मला नंतर सांगितलं. तेही त्यांनी तिला पुसायला लावलं.

त्या संध्याकाळपासून शेडचं दार उघडलं नाही.

कोणी माझ्याशी भांडलं नव्हतं, तरी भिंतीवरचंही बंद झालं. मी मीठ ठेवायचे, ते रात्रीच्या पावसात विरघळून वाटीत पाणी व्हायचं. डबा जसाच्या तसा परत आणायचे. आणि संध्याकाळची ती वेळ आली की घर कसं तरी होई. जी माणसं रोज कोणीतरी हाक मारतं म्हणून येत होती, ती आता हाकेवाचून कुठे उभी असतील, असं मनात यायचं. जिन्याची पायरी वाजायची. एकदा तर मी कोण आहे म्हणून विचारलंसुद्धा. मराठीत.

एका शनिवारी आत्याआजी वेम्बलीहून ईलिंग रोडची कोथिंबीर आणि अळूची पानं घेऊन आली होती. आम्ही वड्या करत होतो, तेवढ्यात ती मुलगी मागच्या दाराशी आली. डोळे सुजलेले.

"आंटी, ते माझ्याशी हवेबद्दल बोलतात. गोळ्यांबद्दल बोलतात. बाकी काही नाही. तुमच्याशी बोलतात का?"

"माझ्याशी ते आधीही फारसं बोलत नव्हते," मी म्हटलं. "आमचं भिंतीवरून चालायचं." आणि मी तिला सगळं सांगितलं, वाटीचं, दाण्यांचं. ती नदीवरची गोष्ट तिला माहीत होती. लहानपणी झोपताना ऐकलेली.

आत्याआजी पानाला पीठ लावता लावता माझ्याकडे वळली. "वहिनी, म्हणजे रोज पावसात मीठ वाया घालवतेस ते हेच का? मला वाटलं तू विसरभोळी झालीस." मग त्या मुलीला इंग्रजीत म्हणाली, "हिचं मीठ कशाला घेतील ते? हिने काय केलंय? तू ठेव."

मुलीने डोळे पुसले. मग तिने आपला फोन काढला, बंद केला, इकडे तिकडे बघितलं आणि माझ्या चमच्यांच्या खणात ठेवला. मिठाची वाटी घेऊन बाहेर गेली, भिंतीवर ठेवली, आत आली, आणि मागे कोणी बघत असावं तसा हळूच पडदा ओढला.

त्या शनिवारी काही झालं नाही. पुढच्याही नाही. ती यायची, वडिलांचं सगळं करायची, आणि उजेड कमी झाला की आपल्या स्वयंपाकघरात येऊन बसायची. खुर्चीवर नाही, खिडकीखाली फरशीवर, भिंतीला पाठ लावून. आत्याआजीला वड्यांचं निमित्त पुरलं नाही तर ती भाजणीचं काढायची, पण शनिवार चुकवेना. "मला काय पडलंय," म्हणायची, "दादाच्या घरात जरा बसावं म्हणून येते."

मग एका संध्याकाळी पलीकडे पावलं वाजली. शेडकडे नाही, भिंतीकडे आली. काही हललं नाही. आणि मग तो आवाज आला. पुटपुटणं नव्हतं, फलाटावरच्या शेवटच्या माणसालाही ऐकू जावा असा, सावकाश. एक नाव, आणि थांबणं. एक नाव, आणि थांबणं. खालीच बसलेली ती मुलगी मान न वळवता ओठ हलवायला लागली. आत्याआजीने गॅस बंद केला.

थोडीच नावं म्हणून ते थांबले. गेले नाहीत. तिला कळलं काय करायचं ते. ती खिडकीखालून, पडद्याआडून, ती नावं परत म्हणाली. पावलं लांब गेली. आम्ही बाहेर जाऊन बघितलं, तर मीठ तसंच होतं.

"घेतलं नाही," ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला, आणि मग एकदम उजळला. "पटलं नाही त्यांना. भर घालायला सांगतायत."

पुढे सगळा वसंत असाच गेला. ते नावं ठेवत, ही परत म्हणत असे. एखादं चुकलं, एखाद्या आईचं नाव मुलाच्या पुढे जायचं ते मागे गेलं, की मीठ जागच्या जागी. पुढच्या शनिवारी पुन्हा तिथूनच. बरोबर आलं की वाटी रिकामी आणि पालथी. एरवी त्यांच्या घरात बापलेकींचं बोलणं गोळ्या आणि ट्रॅफिक एवढंच. या गोष्टीचा उल्लेखही नाही. मंडे टु फ्रायडे ती गाडीत म्हणायची, ब्रॅकनेलच्या ऑफिसच्या जिन्यावर म्हणायची. मला अर्थ कळत नव्हता, तरी कणीक मळताना माझ्या हातांना त्यांची लय लागली होती.

आणि घरात मला आता एकटं वाटत नव्हतं. हे सुखाचं होतं असं मी म्हणणार नाही. पडदा ओढलेला, दिवा मंद, तिघी बायका गप्प, आणि बाहेर एक माणूस मेलेल्यांना एकेक करून हाका मारतोय. स्वयंपाकघर भरून गेल्यासारखं वाटायचं. आत्याआजी उठताना उगीच कोणाला तरी वाट द्यावी तशी बाजूला सरायची. मी ते बघितलं होतं; तिला कधी म्हटलं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर ते शेवटाशी आले. खोकल्यामुळे दोन नावांमधलं थांबणं लांबत गेलं होतं. त्यांनी आपल्या आईवडिलांची नावं घेतली, बायकोचं घेतलं, आणि मग ती मोकळी जागा. तिनेही सगळं म्हटलं, आणि जागा मोकळी सोडली. वाटी रिकामी झाली. पुढच्या आठवड्यात त्यांना हॉस्पिटलात नेलं, आणि तिथून ते आले नाहीत. दफन त्यांच्या रीतीप्रमाणे लगेच झालं.

त्यानंतरच्या शनिवारी ती आली. काळा स्कार्फ बांधलेला. तिने नेहमीसारखं मीठ ठेवलं, पडदा ओढला, खिडकीखाली बसली, आणि अगदी पहिल्या नावापासून म्हणायला सुरुवात केली. बराच वेळ लागला. शेवटी ती मोकळी जागा आली, आणि तिथे तिने, पहिल्यांदाच, आपल्या वडिलांचं नाव म्हटलं.

आम्ही तशाच बसून राहिलो. मग तिघी बाहेर गेलो. मीठ तसंच होतं.

वडील गेल्यापासून ती रडली नव्हती; आता रडली. "काहीतरी चुकलं," ती म्हणाली. "त्यांनी घेतलं नाही. आता मला कोण सांगणार कुठे चुकलं ते?"

आत्याआजीने कमरेवर हात ठेवले. "अगं, इकडे काय उभी राहिलीस? नावं आता तुझ्याकडे आहेत ना? मग तू त्या बाजूची. जा तिकडून."

मग ती आपल्या या घरातून पुढच्या दाराने बाहेर पडली, फुटपाथवरून वडिलांच्या घरात गेली, आणि पलीकडच्या बागेत आली. आम्ही दोघी मागे सरून दोरीखाली उभ्या राहिलो, पाठ करून. वाटी दगडावर घासल्याचा बारीक आवाज आला. वळलो तेव्हा ती पालथी होती, आणि बाग रिकामी.

ते घर तिने विकलं नाही. शनिवारी ती तिथे असते. संध्याकाळी शेडचं दार उघडतं, आणि मी इथे सिंकपाशी ऐकते. सगळ्यात शेवटी वडिलांच्या नावानंतर ती आता एक जागा मोकळी सोडते, तिची स्वतःची. एकदा त्या जागेत मी तुमच्या आजोबांचं नाव घेतलं. मोठ्याने, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. नळ गळत होता, तेवढाच आवाज. जिन्याची पायरी त्या संध्याकाळी वाजली नाही, आणि नंतरही फारशी वाजत नाही. मी आता रोज घेते. ते नाव तुम्हाला माहीत आहे, पण इथे मी ते लिहिलेलं नाही. कोणाचंच लिहिलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

शनिवारची वाटी कोण पालथी घालतं ते मला माहीत आहे. पण मीठ मी रोज ठेवते, आणि इतर दिवशीही सकाळी वाटी पालथीच असते. आत्याआजी म्हणते कोल्हा. हॅरोत कोल्हे पुष्कळ आहेत. वाराही असेल.

तुम्ही खिडकीत फोन लावलात, त्यानंतर मी तो उचलला खरा, पण मधे थोडा वेळ तो चालू होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही झोपला होतात तेव्हा मी बाहेर जाऊन बघितलं. वाटी भरलेलीच होती, मीठ दंवाने ओलं. त्यानंतर तुम्ही इथे होतात तेवढे सगळे दिवस, एक शनिवार सोडून, ते तसंच राहिलं. तुमचं विमान गेलं, आणि मी पुन्हा कोरडं मीठ ठेवलं. ते घेतलं जायला बरेच दिवस लागले.